प्रवाळाचं गाव, बारामतीची लॅब

आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये नमुने साठतात आणि फ्रीजरबाहेर किस्से. साठणारच! बारामतीत बसून आम्ही समुद्रातल्या प्रवाळांचा डीएनए तपासतो. मी पणदऱ्याची, शबाना इंदापूरची, शिवाय आमच्या बॉस मॅडम. तिघींपैकी एकीलाही धड पोहता येत नाही!

*

पहिले नमुने कोकणातून मी एसटीनं आणले. मांडीवर थर्माकोलचा डबा. कंडक्टर म्हणाला, "मासळी का?"

"नाही, पोवळं."

"मग डब्यात कशाला? अंगठीत घाला की!"

*

घरी तात्यांना, म्हणजे माझ्या वडलांना, फोटो दाखवला.

"झाड हाय का दगड?"

"प्राणी हाय, तात्या. बारीक बारीक जीव एकमेकांना चिकटून राहत्यात."

"जागचा हलतो?"

"न्हाय."

"आनि खातो?"

"व्हय."

"मग आपल्या भावकीतलाच की!"

*

कोकणातला विष्णू पाणबुड्या. गरम पाण्यानं प्रवाळ मेलेल्या खडकावर तो जिवंत तुकडे बांधून नवी वस्ती उभी करत होता. त्याच्या सगळ्या तुकड्यांचा डीएनए हुबेहूब एकच आला. शबाना माझ्यावरच उखडली, "एकच नमुना सगळ्या ट्यूबमध्ये भरलास व्हय गं?"

पुन्हा तपासलं. तेच! सगळे एकाच प्रवाळाचे मोडून वाढलेले तुकडे. मी ऊसवाल्या घरची. एकाच बेण्याचं शिवार रोग आला की कसं एकदम बसतं, ते मी पाहिलंय. इथं समुद्र तापला की सगळंच जाणार होतं.

*

विष्णूला मॅडमनी फोन केला. निकाल सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे मी गाव वसवलं समजत होतो, आणि माणूस एकच?"

"दुसरी माणसं आणू की!" मॅडम म्हणाल्या.

मग आम्ही लांबलांबच्या खडकांवरचे नमुने तपासले. जे खरोखर वेगळे निघाले, त्यांचे तुकडे विष्णूनं जुन्यांच्या शेजारी लावले.

*

यंदा समुद्र तापला. पाण्याखालचं शूटिंग पाठवून विष्णूनं लगेच फोन लावला. आम्ही तिघी कॉम्प्युटरसमोर, फोन स्पीकरवर.

जुने तुकडे पांढरेफटक, म्हणजे गेल्यातच जमा. शबानानं माझा हात घट्ट धरला.

"आता पुढं बघा," विष्णू म्हणाला.

नवे तुकडे. काही फिकटलेले. पण बाकीचे तपकिरी, टवटवीत, जिवंत!

मॅडम नुसत्या बघत उभ्या.

"हॅलो? मॅडम? रेंज गेली काय?"

शबाना म्हणाली, "रेंज फुल हाय, विष्णूभाऊ. मॅडमचा आवाज गेलाय!"