कडूसाहेबांची जीभ

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून सर्वात धारदार वस्तू म्हणजे कडूसाहेबांची जीभ. कोयते तिच्या खालोखाल. मुंबईच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत आणि सुटी लागली रे लागली की आसनगावला उतरून बैलगाडीने किन्हवलीला, आमच्या शाळेच्या ओटीवर मुक्कामाला येत. रानातलं झाड दिसलं की आधी चावायचं, मग नाव विचारायचं, हा त्यांचा शिरस्ता. पाटलांनी एकदा गंमत म्हणून आपली काठी पुढे केली. साहेबांनी तिला जीभ लावली आणि सांगितलं, झाड तिवसाचं, टोकावड्याच्या वरच्या अंगाचं, आणि मालकाला मूळव्याध आहे. पाटील त्या दिवसापासून काठीविनाच लंगडू लागले.

वर्तमानपत्रांचे गठ्ठे ते गाडीभर आणत, पण वाचायला नव्हे. पानं-फुलं दाबून वाळवायला. महायुद्ध सुरू झाल्याचं त्यांना आठ महिन्यांनी, एका करवंदीच्या डहाळीखाली कळलं.

मी शाळेतला मास्तर. अक्षर मोत्यासारखं, म्हणून नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. झाड कुठलं, उंची किती, फुलं-शेंगा कशा, एवढंच लिहायचं. पण माझ्या लेखणीला लगाम नव्हता. दोन पुरुष उंचीचं झाड माझ्या चिठ्ठीत सहा पुरुष व्हायचं आणि त्याच्या बुंध्याशी वाघ येऊन बसायचा. साहेब चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "मास्तर, पाहिलंत, की सुचलं?" सुचलेलं खोडून पुन्हा लिहावं लागे.

त्यांचा खरा जीव अडकला होता पांढऱ्या कुड्याच्या झाडात. पहिल्याच वर्षी त्यांना हगवण लागून ते अंथरुणाला खिळले, तेव्हा ठाकरवाडीच्या बुधीबायने कुड्याच्या सालीचा काढा पाजून त्यांना उभं केलं. तेव्हापासून सालीतलं सत्त्व काढून मोजायचं वेड लागलं. आमच्याकडच्या सालीत बाजारच्या सालीहून जास्त औषध आहे, असं ते तीन वर्षं सांगत होते. मुंबईच्या सरकारी औषधखात्यातले वरचे लोक हसत. मग लढाईमुळे हगवणीच्या विलायती औषधाची बोट येईना, तेव्हा वरून निरोप आला, वीस गावांतल्या वीस झाडांची साल पाठवा, खरं-खोटं एकदाच ठरवू.

नेमका त्याच आठवड्यात साहेबांना हिवताप भरला. त्यांनी वीस पिशव्या माझ्या हाती दिल्या. मी आणि बुधीबाय निघालो. पाच झाडं पाच ठिकाणी हिंडून केली. माघातलं ऊन, तरी मला वाटलं सूर्य टोपीवर येऊन बसलाय. तेवढ्यात ओढ्याकाठी कुड्यांची राईच दिसली. पानं झडलेली, शेंगा लोंबणाऱ्या. उरलेल्या पंधरा पिशव्या तिथेच भरल्या आणि एका आंब्याच्या सावलीत बसून पंधरा गावांची नावं लिहिली. प्रत्येकीवर लिहिलं, 'शेंगा पाहिल्या.'

बुधीबाय म्हणाली, "मास्तर, ह्यो काला कुडा हाय. शेंगांची टोका जुळल्यात, बघा तरी वर."

मी म्हटलं, शेंग ती शेंग.

"सायबाला सांगू नका मंग, का मी सालीला हात लावलता," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दोन महिन्यांनी मुंबईहून कागद आला. पाच पिशव्यांत सत्त्व भरपूर, पंधरांत नावालाही नाही. साहेब ओटीवर बसून पत्र लिहीत होते. मी डोकावलो. आपलं तीन वर्षांचं म्हणणं चुकलं, काम बंद करावं, असं ते स्वतःच्या हाताने लिहीत होते. सही तेवढी बाकी होती.

सही होण्याआधी मी म्हटलं, "साहेब, ती पंधरा मी पाहिली नाहीत. सुचली."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चला, आता पाहू." बुधीबायला बोलावून ते ओढ्यावर आले. काळ्या कुड्याची साल मला चावायला दिली. ओला कागद चावल्यासारखी लागली. मग पांढऱ्याची दिली. तिचा कडूपणा आठ दिवस भाकरीलाही उतरत होता. तोवर बुधीबायने दोन्हींच्या शेंगा माझ्या मांडीवर ठेवल्या: पांढऱ्याच्या सुट्या, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या.

ते पत्र साहेबांनी फाडलं. नव्या पत्रात पंधराही पिशव्यांचा खरा हिशेब लिहिला आणि बाजारचं औषध का लागू पडत नाही तेही लिहिलं: दोन कुड्यांची भेसळ. शेंगांची खूण बुधीबायने दाखवली, हे तिच्या नावानिशी घातलं. चुकीची चिठ्ठी कोणाची, ते मात्र कुठेच नाही. काम चालू राहिलं.

स्वातंत्र्यानंतर ते निवृत्त झाले. आसनगावला पोचवायला गेलो, तेव्हा पानं-फुलं दाबायच्या दोन लाकडी फळ्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "मास्तर, गोष्टी सोडू नका. चिठ्ठी वेगळी ठेवा." पुढल्या वर्षी ते गेल्याचं वर्तमानपत्रात आलं. ते पान मी त्या फळ्यांत दाबून ठेवलं आहे.

वाघ माझाच होता. पाटलांची काठीही या गोष्टीत मीच चाटायला लावली, आणि त्यांची मूळव्याध गावाला आधीपासूनच माहीत होती. पण ओढ्याकाठच्या शेंगांची टोकं जुळलेली होती. ती मी पाहिली आहेत.