मोकळ्या कोंबडीचं पत्रक

आमच्या घरी दर शनिवारी जी कोंबडी येते, ती हयातीत माझ्यापेक्षा जास्त चाललेली असते. तसं तिच्यासोबतच्या पत्रकात छापलेलंच असतं. गाझियाबादेत नवव्या मजल्यावर राहायचं, मेट्रोने केंद्र सरकारच्या ऑफिसात जायचं आणि दिवसभर फाइलींसमोर बसायचं, असं आयुष्य असलेल्या माणसाला ते खोडून काढता येत नाही. कोंबडी हरियाणातल्या सोहन्याच्या पलीकडच्या एका छोट्या फार्मवरून येते. तिथलं जोडपं आधी गुडगावात कॉम्प्युटरची नोकरी करायचं. आता ते कोंबड्या पाळतं आणि पत्रकं लिहितं, आणि दोन्ही कामं मनापासून करतं.

पत्रक म्हणतं, ही कोंबडी उघड्या रानात हिंडते. गवत, किडे, पडलेली बोरं वेचते, मातीत लोळते, अंगावर ऊन घेते. तिला ताण नसतो. म्हणून मांस घट्ट, चरबी कमी, हाडं भक्कम आणि रस्सा चवदार. हे सगळं माझ्या आईला यवतमाळ जिल्ह्यातल्या तिच्या अंगणात पत्रक न वाचता ठाऊक होतं, पण तिथे त्याला कोणी बेनिफिट म्हणत नव्हतं. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, दिल्लीला आलो आणि मग अंगणातली तीच कोंबडी चढ्या भावाने घरपोच मागवली. याला प्रगती म्हणतात.

ही कोंबडी सुरू केली ती आईसाठी. वडील गेल्यावर मी तिला इकडे घेऊन आलो आणि कसली म्हणून कमी ठेवली नाही. एसी, आरओचं पाणी, वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी, बाल्कनीला कबुतरांची जाळी. एकदा ती न सांगता भाजीबाजारात गेली आणि दुपारपर्यंत एका भाजीवालीशी गप्पा मारत बसली. त्या दिवशी मी गेटवरच्या गार्डला बजावलं, "आंटीजी को अकेले बाहर मत जाने देना." तेव्हापासून ती अगदी सुरक्षित होती. फक्त जेवत नव्हती. इथलं चिकन तोंडात घालून म्हणायची, "कापूस चावल्यासारखं लागते." हळूहळू वरणभातही कमी झाला. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन द्या.

दर दसऱ्याआधी तिचं एकच मागणं असायचं. मले दीक्षाभूमीवर जाऊ दे, मग चार महिने गावी राहीन. मी दरवेळी गर्दी, गुडघे, ऑफिसची सुट्टी असं काहीबाही पुढे करायचो. खरं कारण वेगळं होतं. एकदा गेली की ती परत येणार नाही, अशी मला भीती वाटायची. ती गेली की या शहरात मी कोणाचाच मुलगा उरणार नव्हतो.

पहिली कोंबडी आली तेव्हा बायकोने सवयीने तीन शिट्ट्या केल्या. ताटात आलं ते दातांना दाद देईना. मुलगी म्हणाली, "बाबा, ही जिमला जायची का, यार?" आई उठली. सगळं परत पातेल्यात ओतलं, कांदा-खोबरं भाजून वाटण घातलं आणि तासभर मंद आचेवर ठेवलं. या कोंबडीला घाई चालत नाही, एवढं पत्रकात लिहायचं राहिलं होतं. त्या दुपारी आईने दोनदा रस्सा मागून घेतला. मला इतका आनंद झाला की सोमवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये मी आमच्या मराठी मंडळींना अर्धा तास मोकळ्या कोंबडीचे फायदे समजावले. त्यांतला एक जण शाकाहारी होता, त्यालाही सोडलं नाही.

पाऊस ओसरल्यावर फार्मवाल्यांनी गिऱ्हाइकांना एका रविवारी फार्म बघायला बोलावलं. बक्षीस दिल्याच्या थाटात मी आईला घेऊन गेलो. मालक हौसेने सांगत होता, "ब्रॉयलर को सब टाइम पे मिलता है, अम्माजी. दाना, पानी, दवाई. टेम्परेचर भी कंट्रोल. बस बाहर नहीं निकलती. बैठे बैठे पैर कमज़ोर हो जाते हैं."

आईने लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "कितव्या माळ्यावर राह्यते ते?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. तोवर ती कोंबड्यांमध्ये जाऊन चक्क जमिनीवर बसली होती. लिफ्टपर्यंत चालताना कुरकुरणारे गुडघे तिथे एका शब्दाने बोलले नाहीत. बसल्या जागेवरून तिने मालकाला तिच्या हिंदीत विचारलं, "रात को कौन पकड़के अंदर डालता इनको?"

"कोई नहीं, अम्माजी. अंधेरा होने लगता है तो खुद आ जाती हैं."

"एक भी नहीं भागती?"

"कहाँ भागेंगी? घर मालूम है उनको."

आईने मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. पदरचे पैसे घालून आईला एवढ्या लांब नेऊन स्वतःची शोभा करून घेणारा मुलगा लाखात एखादाच असतो.

घरी आल्यावर मी फोनवर नागपूरची गाडी बघायला बसलो. आई मेथी निवडत होती. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "परतीचं कधीचं काढू?"

"कोंबडीले इचारते का कोणी, संध्याकाळी येशील का म्हणून?"

मी जाण्याचंच तिकीट काढलं.

शनिवारची कोंबडी चालू आहे. आता मीच ती तासभर मंद आचेवर ठेवतो आणि मध्ये मध्ये झाकण काढून उगाच बघतो. दसरा गेला, दिवाळी गेली, दिल्लीत धुकं आलं आणि सरलं. चार महिने पुरे होऊन वर आठवडा झाला. मी फोनवर येण्याचा विषय काढला नाही, आणि न काढण्याचा मला फार त्रास झाला.

काल तिचाच फोन आला. तिच्या भाच्याने नागपूरला गाडीत बसवून दिलं होतं, मागे चहावाला ओरडत होता. म्हणाली, "त्या गेटवरच्याले सांगून ठेव. मी येऊन राह्यली, आत येऊ दे म्हणा."