सहा नंबरची घंटी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो, आणि निम्म्या वेळा मला अर्थिंग कुठं सुटलं असेल ते आधी दिसतं... हसू नका, मी मुळात वायरमन. तरी एक गोष्ट अशी आहे की जिथं माझी विद्या चालली नाही.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. मेहकरला स्टँडसमोर मी हॉटेल टाकलं. आता ज्याला फ्रँचायझी म्हणतात तसलाच प्रकार — खामगावच्या एका शेठजींच्या हॉटेलाचं नाव पाटीवर लावायचं आणि त्यांच्या अटी पाळायच्या. अटी सगळ्या यंत्रांच्या. चहाला उघडं भगुणं चालणार नाही, बंद तोंडाचा वाफेचा बॉयलर पाहिजे. गिऱ्हाइकानं ओरडायचं नाही, प्रत्येक टेबलाला बटण पाहिजे, आणि आत स्वयंपाकघरात घंटी अन् नंबरांच्या दिव्यांचा बोर्ड. एक जरी वस्तू कमी दिसली तर पाटी उतरणार. नोकरी सोडून बसलो होतो, पण वायरिंग माझ्या हातचं होतं. मला काडीची भीती नव्हती.

शेठजी तपासणीला येणार त्या सकाळी माझ्या बायकोनं, सिंधूनं, बॉयलरची पूजा केली. नवं यंत्र आपल्याकडे पूजेशिवाय सुरू होतच नाही. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार, आणि वरून लाल नाडा, चांगला आवळून. मग खाली कोळसा पेटवला.

शेठजी आले, पंख्याखाली बसले. पाच टेबलांची बटणं दाबून पाहिली, खूश झाले. कोपऱ्यातल्या सहाव्या टेबलाचं बटण तेवढं बसवायचं राहिलं होतं, तिथं भिंतीतून वायरची दोन टोकं नुसती लोंबत होती. "बसल्या बसल्या लावून देतो," म्हणालो आणि मेन बोर्डातून फ्यूजचा कटआउट उपसून हातात घेतला. सगळ्या हॉटेलची वीज गेली. शेठजींच्या डोक्यावरचा पंखा थांबला.

आणि आत घंटी वाजली. लांबलचक.

"सहा नंबर लागला," सिंधू आतून बोलली. "कोन बसलं तिथं?"

"कोनी नाई वं. लाईन बंद हाय, घंटी वाजूच शकत नाई. तू बॉयलरपासून हलू नोको."

"वाजून राह्यली नं! तुमाले आयकू नाई येत काय?"

येत होती. शेठजींनाही येत होती. ते एकदा पंख्याकडे बघत होते, एकदा माझ्या हातातल्या कटआउटकडे.

टेबलावर माणूस बसला की आधी पाणी, मग बाकीचं — हा सिंधूचा नेम. ती पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आली, माझ्याकडे रागानं बघत सरळ कोपऱ्यात गेली. गिलास ठेवला. "कोनीच नाई इथं," म्हणाली... आणि मागं बॉयलर फुटला.

स्वयंपाकघराच्या छपराची टिनं उडाली. सिंधू बॉयलरशेजारी ज्या पाटावर बसली होती त्याची ढलपीसुद्धा हाती लागली नाही. मी चारचौघांत बायकोला घट्ट धरलं आणि रडलो. सांगायला कसली लाज?

बॉयलर का फुटला ते कळलं. जास्तीची वाफ सोडायची जी झडप असते, तिलाच तो लाल नाडा बांधलेला होता. शेठजींनी तुकडा उचलून दाखवला. "बाई, वाफेच्या वाटेलेच बांधलं काय?"

"आता देवाचं करताना मले काय मालूम वाफ कुठून निंगते," सिंधू म्हणाली. उत्तर तयार.

शेठजींनी पाटी राहू दिली. नवा बॉयलर पाठवला, सोबत निरोप — हार घालायचा तर भिंतीला घाला.

घंटीचं मात्र मी सगळं तपासलं. बॅटरी कुठं जोडलेली नव्हती, शेजारची लाईन जवळपास नव्हती, वायरची टोकं होती तशीच सुटी लोंबत होती. कितीतरी वायरमनांना विचारलं. एक हसला, बाकीच्यांनी विषय बदलला. सिंधूला विचाराल तर ती म्हणते, गिऱ्हाइकानं बोलावलं, मी गेली, त्यात काय.

कारण माझ्याकडे आजही नाही. त्या सकाळी मी तिला जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. लाईन बंद होती, घंटी वाजूच शकत नव्हती. तिनं माझं ऐकलं असतं, तर ती आज नसती.