न मोजता केलेली सही

कारखान्यात माझं काम तपासणीचं. मायक्रोमीटर लावल्याशिवाय मी मशीनवरून आलेला एकही जॉब पास केला नाही. साहेब घाई करायचे, मी म्हणायचो, आधी मोजू द्या. पाठीमागे लोक मला खडूस म्हणत आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये आली. पूर्वी आमच्या लायनीत एखादीचं सिझर झालं की सगळ्या बायका तिला बघायला जात. आता नॉर्मल झालेलीचंच कौतुक. मुलीला नॉर्मलच हवं होतं. रोज संध्याकाळी ती ग्राउंडला फेऱ्या मारायची. मला तिनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, डॉक्टर घाई करायला लागले तर तुम्ही विचारा. तुम्ही तर सगळ्यांना विचारता." मी तोऱ्यात हो म्हटलं.

कळा सुरू झाल्यावर टाउनशिपच्या दवाखान्यातून रेफरची चिठ्ठी घेऊन आम्ही शहरात, अरेरा कॉलनीतल्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. जावई पुण्याहून निघाला होता, पोचायचा होता. दुपारी डॉक्टरीणबाई सिझरच्या संमतीचा कागद घेऊन बाहेर आल्या. "अंकल, बच्चे की धड़कन थोड़ी कम हो रही है. रुक भी सकते हैं, पर रिस्क क्यों लें?"

थोडी म्हणजे किती? थांबलो तर किती वेळ? प्रश्न अगदी ओठांवर आले होते. पण शेजारी बायको बसली होती. तिचं पहिलं बाळंतपण वर्ध्याकडे, तिच्या माहेरी झालं. तिथेही सगळे थांबले होते, होईल होईल म्हणत. मी इथे फर्स्ट शिफ्टला होतो. ते बाळ रडलंच नाही. मुलीला आम्ही हे कधी सांगितलेलं नाही. आता बायको माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती. मी सही केली. कागद वाचलासुद्धा नाही.

नात झाली, खणखणीत रडली. ऑपरेशन खरंच लागत होतं की नाही, हे मला कळलं नाही आणि आता कधी कळणारही नाही. याचा मला फार राग येतो, आणि तो काढायला कुणी सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी पोटावर हात दाबून कशीबशी कुशीवर वळली. "बाबा, तुम्ही विचारलं होतं ना? थोडं वेट नसतं का करता आलं?"

नातीच्या दुपट्यांच्या घड्या घालणारे बायकोचे हात थांबले.

"विचारलं," मी म्हणालो. "नव्हतं थांबता येत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. माझ्या तपासणीवर तिचा पहिल्यापासून विश्वास.