दहा बोटं हवेत

नातीच्या साखरपुड्यासाठी मला लाल नखं हवी होती. पण मिरजेच्या पार्लरात वाढलेली नखं घेऊन कसं जायचं, म्हणून मी ती घरीच मुळापर्यंत कापून गेले. तिथली पोरगी माझी बोटं कोमट पाण्यात बुडवत खळखळून हसली. "आवं आजी, आता मी रंगवू तरी काय?"

कडेची कातडी तरी काप म्हटलं, तर म्हणाली, "न्हाई. ती नखाची राखण करते. नुसती मागं सारायची." मग दातांत जीभ धरून तिनं मसुराएवढ्या नखांवर लाल रंग बसवला, एकेकावर फुंकर घातली.

तरुणपणी मी शहाणी म्हणायचे, नखं रंगवणाऱ्या बायका कामचुकार! घरी येताच ह्यांनी चहा मागितला. मी दहाही बोटं हवेत धरली. "ओली आहेत हो, तुम्हीच टाका!"