बांगड्या भरणारा हात

खांडबाऱ्याच्या बाजारात एक बांगड्यावाली बसते. बाईचा हात धरला की तिच्या चौकशा सुरू होतात. माहेर कोणतं, सासू कशी शे, पोरीचं जमलं का? बोलता बोलता पंजा असा दाबते की लहान मापाची बांगडीही न दुखता चढते. मला त्या चौकशांचा वैताग यायचा.

मागच्या वर्षी भर रस्त्यात दोघांनी माझा हात पिरगळून पाटल्या ओढून नेल्या. त्यानंतर मनगटाला कुणीही हात लावला, अगदी नवऱ्यानेही, की मी दचकून मागे सरायचे.

सणासाठी तिच्यापुढे बसले. तिने हात धरताच मी तो हिसकून घेतला. तिने काहीच विचारलं नाही. उलट स्वतःचाच हात पुढे केला.

"आज तू मन्हा हात भर, माय."

मी भरल्या. दोन फुटल्या, तिला ओरखडा उठला, तरी तिने हात मागे घेतला नाही. पुढच्या बाजारीही तसंच. तिला कसं कळलं, मला अजून उमगलेलं नाही.

तिसऱ्या बाजारी ती तळहात उघडा ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने मीच माझा हात त्यावर ठेवला.

हिरवी बांगडी उचलत तिने विचारलं, "सासू कशी शे तुन्ही?"