को घराण्याची होडी उलटली तेव्हा

परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या दाराशी को शुईलान चौदा वर्षं बसत होती. किल्ल्या सांभाळायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहायची, एवढंच तिचं काम. पण सगळं शहर सणात रंगलेलं असताना ही मुलं खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली तिला बघवत नसत. एका वसंतसणाला तिने दोघींना आपल्या घरी जेवायला नेलं आणि मग ती रीतच पडून गेली. शरदातल्या पौर्णिमेला तिच्या गच्चीवर जागा पुरेना. आणि पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, होड्यांच्या शर्यतीला, ती मुलांना थेट माहेरी घेऊन जायची, शीथोउ गावात. मुलं तिला ‘को मावशी’ म्हणत. हळूहळू विद्यापीठातले साहेबही तेच म्हणू लागले.

त्या वर्षी सणाच्या महिनाभर आधी भावाचा फोन आला. ताशान म्हणजे तिचा थोरला भाऊ. को घराण्याच्या होडीचं सुकाणू तीस वर्षं त्याच्याच हातात होतं.

“लान, आठ माणसं कमी पडतायत. गावातली सगळी पोरं कारखान्यांत गेली. तुझी ती परदेशी मंडळी नुसती काठावर उभी राहून फोटोच काढणार का?”

शुईलानला आनंदही झाला आणि धास्तीही वाटली. “दादा, होडी आपली आहे, पण लेकरं दुसऱ्यांची आहेत.”

तिने दोन अटी घातल्या. प्रत्येकाने तरंगतं जाकीट घालायचं, आणि प्रत्येकाने विद्यापीठाच्या तलावात तिच्या डोळ्यांदेखत पोहून दाखवायचं. सात मुलगे पोहले. आठवी होती मंगोलियाची ओयुना. हट्टाने आपलं नाव घालणारी ती एकटीच मुलगी. त्या दिवशी तिने ताप असल्याचा निरोप धाडला. संध्याकाळी दाराशी येऊन म्हणाली, “मला येतं पोहता, मावशी. आमच्याकडे एवढं मोठं सरोवर आहे.”

शुईलानने तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

गावात वेगळंच वादळ उठलं. को घराण्याच्या होडीत आजवर बाई बसली नव्हती. शुईलानने नऊ वर्षांची असताना होडीच्या ड्रॅगनमुखाला नुसता हात लावला, तर बापाने थोबाडीत दिली होती. आता वाड्यावस्तीतले सगळ्यात वयस्कर सातवे काका देवळाच्या पायरीवर काठी आपटून म्हणाले, “बाई होडीत चढली की नदी कोपते.”

“मग काका, ते वल्हं रिकामं ठेवू का?” ताशान म्हणाला. “की तुम्ही बसता?”

लोक हसले. काका थुंकले आणि घरी निघून गेले.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस वरच्या डोंगरांत पाऊस कोसळत होता. सकाळी नदी मातकट आणि फुगलेली दिसली. शुईलानने आठही जणांच्या मनगटांना रक्षणासाठी पाच रंगांचा धागा बांधला, जाकिटांचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, आणि भावाला बाजूला घेतलं.

“दादा, पाणी चढलंय.”

“चढलंय. पण कालच्यापेक्षा उतरलंय.”

“पुलाजवळ?”

“पुलाजवळून मी तीस वर्षं जातोय, लान. तू भात खा जा.”

पानात बांधलेला चिकट भात तिच्या हातात तसाच राहिला. फटाके उडाले, ढोल सुरू झाला, आणि चोवीस वल्ही एकदम पाण्यात गेली. को घराण्याची होडी पुढे होती. पुलाच्या अलीकडे शेजारच्या गावाची होडी तिरपी घुसली. ताशानने जागा सोडली नाही, होडी खांबाच्या बाजूला दाबली. तिथे पाणी गरगरत होतं. होडीचं शेपूट त्या गरगरीत सापडलं, ती कलली, एका बाजूने पाणी आत आलं आणि पापणी लवते न लवते तोच ती पालथी झाली.

ढोल थांबला.

शुईलान धावत पाण्यात गेली आणि डोकी मोजू लागली. ढोलवाला आणि ताशान धरून सव्वीस हवेत. लाल जाकिटं एकेक करून वर येत होती. बावीस. चोवीस. पंचवीस. पुन्हा मोजली. पंचवीसच.

“ओयुना!” लाओसचा बुनमी ओरडला. “ती माझ्या पुढे बसली होती! ओयुना कुठे आहे?”

पालथी होडी प्रवाहाबरोबर सावकाश खाली सरकत होती. ताशानने पोहत जाऊन तिच्या पाठीला कान लावला. आतून ठोका आला. एक, मग दुसरा.

“आत आहे!” तो ओरडला. “जाकीट तिला वर दाबून धरतंय, खालून निघता येत नाहीये!”

त्याने स्वतःचं जाकीट ओरबाडून काढलं आणि बुडी मारली. सहासष्ट वर्षांचा माणूस. वर आला तो रिकाम्या हाताने. छाती भात्यासारखी चालत होती. शुईलान छातीभर पाण्यात पोचली होती आणि माहेरची एक शेजारीण तिचं पोलकं मागून घट्ट धरून उभी होती.

“सोड मला!”

“तू बुडून तिला काय मिळणार आहे?”

ताशान पुन्हा खाली गेला. या वेळी खूप वेळ गेला. आतला ठोका बंद झाला. काठावर सातव्या काकांनी टोपी काढून हातात घेतली.

मग होडीच्या पलीकडे पाणी फुटलं. आधी ताशानचं टक्कल दिसलं, मग त्याच्या गळ्यात हात टाकलेली ओयुना. जाकीट नव्हतं, ओठ निळे पडले होते. ती खोकली. त्या खोकल्यासरशी शेजारणीने शुईलानचं पोलकं सोडलं.

काठावर कोणीतरी कुजबुजलं की बाई बसवली, म्हणूनच हे झालं. ताशानच्या डाव्या हाताची दोन बोटं होडीच्या कडेखाली चेंगरली होती. तो तसाच उठून उभा राहिला.

“खांबाजवळून होडी मी नेली. जिंकायची हाव मला सुटली. या पोरीचं नाव कोणी घेतलं तर माझ्याशी गाठ आहे.”

दवाखान्यात ओयुनाने शुईलानचा हात धरला. “मावशी, मला पोहता येत नाही.”

शुईलानचा दुसरा हात वर गेला आणि तिथेच थांबला. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर बसवलं असतंत?”

“अजिबात नाही!”

“म्हणूनच.”

“मेली असतीस तर तुझ्या आईला मी कोणत्या तोंडाने फोन करणार होते गं? सांग ना!” ती ओरडली, आणि मग कॉटच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडली.

सोमवारी विद्यापीठाच्या कार्यालयात फांगसाहेबांनी पोहण्याची ती यादी समोर ठेवली. खोटी माहिती दिली असेल तर शिष्यवृत्ती जाते, हा नियम शुईलानला पाठ होता.

“ही खूण कोणाची?”

“माझी.”

“तिला पोहताना पाहिलंत?”

“नाही.”

“मग ती खोटं बोलली?”

हो म्हटलं असतं तर शुईलान सुटली असती. “पाहायचं काम माझं होतं. मी पाहिलं नाही. तिचं तिला विचारा.”

ती बाहेर आली तर ओयुना बाकावर बसलेली. ती उठली आणि स्वतः आत गेली. अर्ध्या तासाने डोळे पुसत बाहेर आली. तिला लेखी ताकीद मिळाली होती, शिष्यवृत्ती मात्र वाचली. शुईलानचं दाराशी बसणं संपलं, तिला कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं आणि मुलांना सणाला नेण्यावर बंदी आली.

दोन वर्षांनी ती निवृत्त झाली आणि शीथोउला राहायला गेली. बंदी विद्यापीठाची होती, मुलांची नव्हती. सण आला की ती आपापली बस पकडून येतात. पहिल्या वर्षी ओयुना आली तेव्हा गावात पुन्हा भांडण झालं, पण गेल्या वर्षी बायकांची वेगळी होडी निघाली. पुलाजवळचा मार्ग ताशानने कायमचा बंद करून टाकला. त्याची ती दोन बोटं आता वाकत नाहीत.

आता शुईलान आदल्या दिवशी प्रत्येकाला गावच्या बंधाऱ्यात उतरवते. कोणाला ताप आला तर म्हणते, “बरं, मग काठावर बस.” एवढं करूनही ढोल सुरू झाला की ती काठावर उभी राहून डोकी मोजू लागते. शेवटचा माणूस चिखलात पाय ठेवेपर्यंत ती मोजतच राहते, आणि तोवर कोणी तिच्याशी बोलायला जात नाही.